टिंडरस्टिक्स : नॉटिंगहॅमचा खर्ज

नॉटिंगहॅम म्हटले की आपल्याला रॉबिन हूड आठवतो, फार तर ट्रेंट ब्रिज. मी इथे मास्टर्सला आलो तेव्हा एका मित्राने इथल्याच टिंडरस्टिक्स या बँडची १९९३ची पहिली सीडी दिली. ढणढणाट नाहीच, व्हायोलिन, ऑर्गन आणि स्टुअर्ट स्टेपल्सचा पुटपुटणारा खर्ज. आधी कंटाळलो. मग एका रात्री खोलीत एकट्याने ऐकली आणि भावगीतच भेटले!

२००३च्या अल्बमनंतर बँड थबकला, सहापैकी तिघे गेले. उरलेल्या तिघांनी २००८ साली ‘द हंग्री सॉ’ काढला. त्यात डिकन हिंचक्लिफचे व्हायोलिन नाही, ही उणीव मला खटकते. पण गेलेल्यांची नक्कल न करता, उरलेल्यांनी आपल्या आवाजात गावे, हे मला त्याहून मोलाचे वाटते. आपल्या मंडळातूनही दरवर्षी माणसे जातातच की!