‘सर्वश्रेष्ठ सामना’ : एका विशेषणाची परीक्षा

कोणत्याहि कृतीस ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणावयास उत्साह पुरतो. तसें कां म्हणावें हें सांगावयास मात्र टीका लागते. तें विशेषण कृतीच्या कोणत्या गुणास लागू पडतें, किती अंशीं लागू पडतें, आणि मुळांत कृतीचा नसलेला असा कोणता मोठेपणा तिच्या पदरांत टाकला गेला आहे, याचा निवाडा झाल्याखेरीज स्तुतीस किंमत येत नाहीं. ग्रंथ, नाटक आणि चित्र यांच्याविषयीं हा नियम सर्वांस मान्य आहे. खेळाच्या सामन्यास तो लावण्यास हरकत असावी असें आम्हांस वाटत नाहीं. सामना हीहि नियमांच्या चौकटींत मनुष्यानें घडविलेली एक कृति आहे, आणि तिच्याभोंवतींहि ग्रंथांचा व आख्यायिकांचा पसारा वाढत असतो.

असा पसारा ज्याच्याभोंवतीं फार मोठा वाढला आहे तो सामना म्हणजे अमेरिकेंतील धंदेवाईक फूटबॉलच्या अजिंक्यपदाचा १९५८ सालचा सामना. २८ डिसेंबर १९५८ रोजीं न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर, ६४,१८५ प्रेक्षकांसमोर, बाल्टिमोर कोल्ट्स या संघानें न्यूयॉर्क जायंट्स या संघाचा २३ विरुद्ध १७ गुणांनीं पराभव केला. टेक्स मॉल या लेखकानें ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ या साप्ताहिकांत त्यावर लेख लिहिला, त्याच्या मथळ्यांतील विशेषण ‘सर्वांत उत्तम’ या अर्थाचें होतें. लोकांच्या तोंडीं तें पुढें पालटलें, आणि सामना ‘सर्वांत थोर’ झाला. पन्नास वर्षें पुरीं होतांना, २००८ सालीं, मार्क बोडन यानें आपल्या ग्रंथाच्या नांवांत पुन्हां ‘उत्तम’ हाच शब्द घेतला. हा शब्दांचा पालट किरकोळ समजून सोडून देण्यासारखा नाहीं. उत्तमपणा हा कारागिरीचा गुण आहे. थोरपणा पुष्कळदां परिणामाचा असतो. या सामन्याच्या स्तुतींत या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे, आणि ती निस्तरल्याशिवाय त्याचें खरें मोल हातीं लागणार नाहीं, असें आमचें मत आहे.

आमच्या वाचकांस फूटबॉल हा पायानें चेंडू मारण्याचा खेळ म्हणून परिचित आहे. अमेरिकन फूटबॉल त्याहून अगदीं निराळा. दोन्हीं बाजूंस अकरा अकरा गडी, शंभर यार्डांचें मैदान आणि लांबट चेंडू. ज्या संघाकडे चेंडू असेल त्यास चार खेपांत दहा यार्ड पुढें सरकावयाचें असतें. तें साधलें तर पुन्हां चार खेपा मिळतात. साधणार नाहीं असें दिसलें तर चौथ्या खेपेस बहुधा चेंडू लाथेनें दूर पिटाळून प्रतिपक्षाच्या स्वाधीन करितात. प्रतिपक्षाच्या टोंकाच्या रेषेपलीकडे चेंडू नेला कीं ‘टचडाउन’ होतो; त्याचे गुण सहा, व वर एका जादा लाथेचा एक. उभ्या खांबांमधून लाथेनें चेंडू घातला तर ‘फील्ड गोल’, त्याचे गुण तीन. चढाईचा जो सूत्रधार त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. पंधरा पंधरा मिनिटांचे चार भाग झाले कीं सामना संपतो.

या खेळाची प्रतिष्ठा अमेरिकेंत प्रथम महाविद्यालयांनीं वाढविली. पैसे घेऊन खेळणाऱ्या संघांची संघटना १९२० सालीं ओहायो संस्थानांतील कँटन गांवीं स्थापन झाली, आणि दोन विभागांच्या विजेत्यांत अजिंक्यपदाचा सामना भरविण्याची चाल १९३३ पासून पडली. तरीहि बेसबॉल हा राष्ट्राचा खेळ, महाविद्यालयांचा फूटबॉल हा सुशिक्षितांचा खेळ, आणि धंदेवाईक फूटबॉल या दोहोंच्या मागून चालणारा, अशीच स्थिति कित्येक वर्षें होती.

१९५८ सालचे दोन प्रतिस्पर्धी एकमेकांस शोभण्याजोगे होते. जायंट्स हा महानगरीचा संघ. १९५६ चें अजिंक्यपद त्यानें मिळविलेंच होतें. त्याचा मुख्य शिक्षक जिम ली हॉवेल. परंतु हॉवेलच्या हाताखालीं चढाईची बाजू व्हिन्स लोंबार्डी आणि बचावाची बाजू टॉम लँड्री सांभाळीत असे, आणि हे दोघेहि पुढें आपापल्या संघांचे मुख्य शिक्षक होऊन गुरूपेक्षां कितीतरी अधिक कीर्ति पावले. याउलट कोल्ट्स हा संघ १९५३ सालीं उभा राहिलेला, बंदराच्या व पोलादाच्या कारखान्यांच्या गांवचा. त्याचा सूत्रधार जॉनी युनायटस. यास १९५५ सालीं पिट्सबर्गच्या संघानें घेतलें आणि हंगाम सुरू होण्यापूर्वींच घरीं पाठविलें. त्या वर्षीं तो ब्लूमफील्ड येथील एका हौशी वजा संघांत सामन्यास सहा डॉलर घेऊन खेळला. त्याचा जोडीदार रेमंड बेरी; नव्या खेळाडूंच्या निवडींत याचें नांव १९५४ सालीं विसाव्या फेरींत निघालें होतें. टाकाऊ ठरलेल्या माणसांची ही कथा लोकांस प्रिय व्हावी हें साहजिक आहे. परंतु कथेची गोडी आणि खेळाची प्रत या गोष्टी वेगळ्या ठेविल्या पाहिजेत.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. तिचे पहिले तीन भाग निःपक्षपातानें पाहिले तर ‘उत्तम’ हा शब्द उच्चारण्यास जीभ धजत नाहीं. पॅट समरॉलच्या फील्ड गोलनें जायंट्सनीं तीन गुण मिळविले. दुसऱ्या भागांत त्यांचा नामांकित खेळाडू फ्रँक गिफर्ड याच्या हातून चेंडू दोनदां निसटला, आणि त्या दोन्हीं चुकांतून कोल्ट्सना एकेक टचडाउन लाभला. मध्यंतरास गुण १४ विरुद्ध ३. तिसऱ्या भागांत कोल्ट्स अगदीं रेषेला भिडले असतां चौथ्या खेपेस सूत्रधाराची सूचना ॲलन अमीची यानें अर्धवट ऐकली. जो चेंडू फेंकावयाचा तो घेऊन तो धांवला आणि अडविला गेला. लगेच पुढें जायंट्सच्या काइल रोटनें एक लांब फेंक झेलली, पण धांवतां धांवतां चेंडू गमावला. तो त्याच्याच सोबत्यानें, ॲलेक्स वेब्स्टरनें, उचलून रेषेजवळ नेला, आणि त्यांतून टचडाउन झाला. चौथ्या भागाच्या आरंभीं गिफर्डनें आपल्या दोषांचें परिमार्जन करून जायंट्सना १७ विरुद्ध १४ असें पुढें आणलें. यांत उत्कंठा आहे. रचना मात्र थोडी आहे. ज्या नाटकांत कथानकाचें प्रत्येक वळण एखाद्या पात्राच्या हातून कांहीं पडल्यामुळें येतें, त्या नाटककाराचें कौतुक आपण बेतानेंच करूं.

चुका हा खेळाचा भागच आहे, व चुकांवांचून नाट्य कोठून येणार, असा आक्षेप यावर कोणी घेईल. आक्षेप खरा आहे. पण त्यानें सामना ‘रंगतदार’ ठरतो, ‘उत्तम’ ठरत नाहीं. आणि सुदैवानें या कृतीच्या बचावासाठीं अशा पळवाटेची गरजहि नाहीं. तिचा शेवटचा भाग खरोखरीच पहिल्या प्रतीचा आहे.

सामना संपण्यास थोडींच मिनिटें उरलीं होतीं. चेंडू जायंट्सकडे, तिसरी खेप, चार यार्ड हवे. ते मिळाले असते तर वेळ काढून जायंट्स जिंकलेच असते. गिफर्ड चेंडू घेऊन धांवला. कोल्ट्सच्या जीनो मार्केटीनें त्यास धरलें. तोंच मार्केटीचाच सोबती, धिप्पाड लिप्सकोंब, त्या दोघांवर कोसळला आणि मार्केटीचा घोटा मोडला. त्या गोंधळांत पंचांनीं चेंडू ठेविला तो अगदीं थोडक्यानें उणा. आपण ते चार यार्ड पुरे केले होते असें गिफर्ड पुढें अखेरपर्यंत सांगत राहिला. हॉवेलनें चौथी खेप खेळण्याचें साहस केलें नाहीं. चेंडू लाथेनें पिटाळला. कोल्ट्सना तो स्वतःच्या १४ यार्डांच्या रेषेवर मिळाला. वेळ उरला होता दोन मिनिटांहून कमी.

यानंतर जें घडलें त्यास पुष्कळ लेखक चमत्कार म्हणतात. आम्हीं तो शब्द मुद्दाम टाळतों. युनायटसनें बेरीकडे लागोपाठ तीन वेळां चेंडू फेंकला. पंचवीस, पंधरा आणि बावीस, असे बासष्ट यार्ड या तीन फेंकींनीं कापले. त्यांपैकीं पहिली फेंक विशेष अभ्यसनीय आहे. जायंट्सचा हार्लंड स्वेअर हा नेहमींची जागा सोडून थेट बेरीच्या तोंडासमोर येऊन उभा राहिला. अशा वेळीं काय करावयाचें याविषयीं युनायटस व बेरी यांचें पूर्वीं कधींतरी बोलणें झालेलें होतें. त्या क्षणीं दोघांनीं केवळ एकमेकांकडे पाहिलें. ठरलेली चाल दोघांनींहि मनांतल्या मनांत बदलली. चेंडू जेथें पोंचला तेथें बेरी होता. बाकीचे गडी घरीं गेल्यावर हे दोघे मागें राहून त्याच त्या धांवा व त्याच त्या फेंकी घोटीत असत, हें प्रसिद्ध आहे. बेरीनें त्या दिवशीं बारा झेल घेऊन १७८ यार्ड मिळविले, ते त्या घोटण्याचें फळ होय. हजार वेळां घोटलेली ओळ गवयाच्या गळ्यांतून सहज निघाल्यासारखी वाटते. ऐकणाऱ्यास ती सहजता दिसते, घोटणें दिसत नाहीं. सात सेकंद उरले असतां स्टीव्ह मायरा यानें फील्ड गोल साधला आणि गुण १७ विरुद्ध १७ असे समान झाले.

एरव्हीं सामना बरोबरीनें सुटला असता. परंतु अजिंक्यपदाच्या सामन्यापुरता असा नियम होता कीं, बरोबरी झाल्यास खेळ पुढें चालू ठेवावा आणि जो प्रथम गुण मिळवील तो विजयी. अजिंक्यपदाच्या सामन्यांत हा नियम प्रथम येथें वापरला गेला. शोकांतिकेस आदि, मध्य आणि अंत असावा असें ॲरिस्टॉटलनें सांगितलें आहे. घड्याळावर चालणाऱ्या खेळास अंत असतो तो घड्याळाचा. या नियमानें प्रथमच खेळाला कृतीच्या पोटांतून निघणारा अंत दिला. जायंट्सना चेंडू आधीं मिळाला, पण दहा यार्ड साधेनात. मग युनायटसनें तेरा खेपांत ऐंशी यार्ड कापले. चेंडू रेषेजवळ आला असतां सोप्या लाथेनें सामना जिंकतां येण्यासारखा होता. तरी त्यानें सात यार्डांवरून मट्शेलरकडे फेंक केली. यास कित्येकांनीं अविचार म्हटलें आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. मायराचा एक प्रयत्न त्याच दिवशीं सॅम हफनें अडविला होता. आणि आपण काय करूं शकतों याचा अजमास युनायटसला पुरता होता. पुढच्याच खेपेस अमीची एक यार्ड पुढें घुसला. जादा वेळेचीं आठ मिनिटें पंधरा सेकंद झालीं होतीं.

येथवर ‘उत्तम’ या शब्दाचा निवाडा झाला. ‘थोर’ या शब्दाचा निवाडा मैदानाबाहेर करावा लागतो. सुमारें साडेचार कोटि लोकांनीं हा सामना दूरचित्रवाणीवर पाहिला असा अंदाज आहे. स्थानिक तिकिटांच्या विक्रीस धक्का लागूं नये म्हणून न्यूयॉर्कच्या परिसरांत मात्र तो दाखविला गेला नाहीं. ऐन शेवटीं प्रक्षेपणाची तार निसटून चित्र नाहींसें झालें, तोंच एक मनुष्य मैदानांत धांवत सुटल्यामुळें खेळ थांबला व तेवढ्यांत चित्र परत आलें. हा मनुष्य प्रक्षेपण कंपनीचाच नोकर होता असें मागाहून सांगण्यांत आलें. या प्रक्षेपणाची संपूर्ण प्रत आज उपलब्ध नाहीं. मूळ संहिता हरवलेल्या काव्याची कीर्ति टीकाकारांच्या अवतरणांवर वाढते, तसेंच येथें झालें आहे. हा सामना पाहून टेक्ससच्या लामार हंट या धनिकाचा फूटबॉलकडे ओढा निश्चित झाला. त्याच्या पुढाकारानें प्रतिस्पर्धी संघटना १९६० पासून खेळूं लागली, आणि दोन संघटनांच्या विजेत्यांमधील जो सामना पुढें ‘सुपर बोल’ म्हणून जगप्रसिद्ध झाला, तो १९६७ सालीं प्रथम खेळला गेला. हा परिणाम खरोखर थोर आहे. पण तो सामन्याच्या गुणापेक्षां त्याच्या मुहूर्ताचा आहे. घरोघर नव्यानें आलेल्या यंत्रास याच वेळीं असा एक शेवट हवा होता, आणि तो मिळाला.

थोरपणाची आख्यायिका बनतांना कांहीं माणसें तींतून गळून पडतात, तीं टीकेनें परत आणावयास हवींत. विजयी संघांतील प्रत्येकाच्या वांट्यास सुमारें ४,७०० डॉलर आले, पराभूतांच्या वांट्यास सुमारें ३,१००; पुढें जो अफाट पैसा या खेळांत आला, तो यांच्या हातीं लागला नाहीं. १९३४ ते १९४५ या बारा वर्षांत या संघटनेंत एकहि कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. कोल्ट्सच्या विजयांत लेनी मूर, लिप्सकोंब आणि युनायटसला आडोसा देणारा जिम पार्कर हे कृष्णवर्णीय होते. ज्या बाल्टिमोरनें त्यांचा जयघोष केला, त्याच गांवांत वर्णभेदामुळें कित्येक दारें त्यांस बंद होतीं. मूरनें आपल्या आत्मचरित्रांत तें लिहून ठेविलें आहे. आणि मार्केटी! ज्याच्या पकडीनें हा सारा शेवट शक्य झाला, तो मोडक्या पायानें मैदानाच्या कडेस पडून पाहत होता. जादा वेळ सुरू होतांना गर्दीच्या भयानें त्यास आंत नेलें, व विजयाचा क्षण त्यास पाहावयास मिळाला नाहीं. खुद्द बाल्टिमोरकडेहि काय उरलें? १९८४ सालीं मार्च महिन्याच्या एका रात्रींत मालकानें संघाचें सारें सामान गाड्यांत भरून इंडियानापोलिसला हलविलें. ज्या पैशाचें दार या सामन्यानें उघडलें, त्याच पैशानें विजयी गांवास त्याच्या संघाला मुकविलें.

एकंदर आमचा निर्णय असा कीं, हा सामना समग्र कृति म्हणून सर्वांत उत्तम नव्हे; परिणामांच्या दृष्टीनें तो थोर आहे, पण त्या थोरपणाचा मोठा वांटा काळाचा, यंत्राचा व व्यापाराचा. राहतात तीं शेवटचीं दोन मिनिटें, जादा वेळेंतील तेरा खेपा, आणि त्यांच्यामागें ओस मैदानावर एकानें चेंडू फेंकण्याचे आणि दुसऱ्यानें तो झेलण्याचे अगणित दिवस. एवढ्यापुरतें ‘सर्वश्रेष्ठ’ हें विशेषण कोणी लाविलें, तर आम्ही त्यास हरकत घेणार नाहीं.