बरोबर उत्तर, चुकीचे कारण : क्रॅमच्या नियमाच्या अध्यापनाची चिकित्सा

पदवी स्तरावर त्रिमितीय निवडकतेचा, म्हणजेच स्टिरिओसिलेक्टिव्हिटीचा, परिचय बहुधा क्रॅमच्या नियमाने करून दिला जातो. डोनाल्ड क्रॅम व अब्द एलहाफेझ यांनी १९५२ मध्ये मांडलेला हा नियम वर्गात शिकविण्यास सोयीचा आहे. कार्बोनिलशेजारच्या कार्बनवर लहान, मध्यम व मोठा असे तीन गट असतील, तर मोठा गट ऑक्सिजनच्या विरुद्ध बाजूस ठेवावा. न्यूक्लिओफाइल लहान गटाच्या बाजूने येतो. विद्यार्थी न्यूमन प्रक्षेप काढतो, मुख्य उत्पादित ओळखतो आणि पूर्ण गुण मिळवितो. उत्तर बहुतेक वेळा बरोबरच असते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप त्या उत्तराच्या पाठीशी उभ्या केल्या जाणाऱ्या कारणावर आहे.

धातूशी बद्ध झालेला ऑक्सिजन आकाराने मोठा ठरतो, म्हणून तो दोन लहान गटांच्या मध्ये येतो, असे क्रॅम यांचे गृहीतक होते. परंतु या रचनेत मोठा गट कार्बोनिलवरील दुसऱ्या प्रतिस्थापकाच्या नेमका समोर येतो. तो प्रतिस्थापक जितका मोठा, तितकी ही रचना गैरसोयीची. तेव्हा निवडकता घटावयास हवी. प्रयोग याच्या उलट सांगतो. फेल्किन व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये शेजारच्या कार्बनवर फिनाइल व मिथाइल असलेल्या किटोनांचे लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइडने क्षपण केले. कार्बोनिलवर मिथाइल असताना दोन उत्पादितांचे प्रमाण सुमारे ३:१ होते, तर तृतीयक ब्युटाइल असताना ते सुमारे ५०:१ झाले. म्हणून फेल्किन यांनी मोठा गट कार्बोनिलच्या प्रतलाला लंब मानला आणि न्यूक्लिओफाइल त्याच्या विरुद्ध बाजूने येतो असे मांडले. पुढे १९७३ मध्ये ब्युर्गी व डुनित्झ यांनी स्फटिकरचनांवरून दाखविले की न्यूक्लिओफाइल काटकोनात न येता सुमारे १०७ अंशांच्या कोनाने जवळ येतो. १९७७ मध्ये आन व आयझेनस्टाइन यांच्या गणनांनी या दोन विचारांची सांगड घातली : तिरप्या वाटेने येणारा न्यूक्लिओफाइल लहान गटाजवळून जाणे पसंत करतो. उत्पादित तेच, कारण मात्र पूर्णतः बदलले.

आपली अनेक पाठ्यपुस्तके हा इतिहास 'क्रॅम प्रतिमान' आणि 'फेल्किन-आन प्रतिमान' अशा दोन शेजारच्या चौकटींत बसवितात. जणू दोन्ही सारखीच ग्राह्य आहेत आणि विद्यार्थ्याने आवडेल ती निवडावी. पहिले प्रतिमान अभिकारकाच्या एका संरूपणाकडे पाहते, दुसरे संक्रमण अवस्थेकडे. हा भेद सांगितला नाही, तर विद्यार्थी नकळत असे शिकतो की जे संरूपण स्थिर, तेच उत्पादित ठरविते. वास्तविक कर्टिन-हॅमेट तत्त्व १९५४ पासून उपलब्ध आहे. संरूपणे अभिक्रियेच्या मानाने फार वेगाने एकमेकांत बदलत असतील, तर उत्पादितांचे प्रमाण दोन संक्रमण अवस्थांच्या ऊर्जेतील फरकाने ठरते. कोणते संरूपण किती होते, याने नव्हे. हा फरक किती लहान असतो, हे फळ्यावर एकदा मांडून पाहावे. २५ अंश सेल्सिअसला १०:१ साठी सुमारे १.४ किलोकॅलरी प्रति मोल, ९९:१ साठी सुमारे २.७. साध्या ईथेनमधील बंधाभोवतीच्या फिरण्याचा अडथळा सुमारे ३ आहे! ऊर्जेतील फरक तोच राहिला, तर उणे ७८ अंशांना १०:१ चे प्रमाण ३०:१ च्या पुढे जाते. ड्राय आइसची गरज का भासते, याचे उत्तर या आकडेमोडीत आहे. नियमाच्या आकृतीत ते सापडत नाही.

स्थिरतेवर विसंबण्याचा खरा धोका मात्र असममित हायड्रोजनीकरणात दिसतो. विल्यम नोल्स यांनी मोन्सँटो कंपनीत ऱ्होडियम उत्प्रेरकाच्या साहाय्याने पार्किन्सन रोगावरील एल-डोपा बनविण्याची पद्धत विकसित केली. २००१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. उत्प्रेरक व अल्किन यांच्यापासून दोन डायस्टिरिओमर संयुगे तयार होतात. कुलूप-किल्लीच्या सवयीने पाहणारा म्हणेल की जे अधिक प्रमाणात, तेच खरे. जॅक हॅलपर्न यांच्या गटाने याच वर्गातील अभिक्रियांत दाखविले की अधिक प्रमाणात असलेले, स्फटिकरूपात हाती लागणारे संयुग चुकीच्या हाताचे उत्पादित देणारे आहे. अल्प प्रमाणातील दुसरे संयुग हायड्रोजनशी शेकडो पटींनी वेगाने अभिक्रिया करते आणि मुख्य उत्पादित त्यापासून येते. हायड्रोजनचा दाब वाढविला की निवडकता घटते, कारण दोन संयुगांना एकमेकांत बदलण्यास पुरेसा अवधी मिळत नाही. हे निरीक्षण आकारांच्या आकृतीवरून कोणालाही सांगता येणार नाही. सर्वच लिगंडांबाबत असे घडत नाही, हे खरे. परंतु कोणत्या लिगंडाबाबत घडते, हे ठरविण्यासाठीही वेगच मोजावे लागतात.

आपल्या प्रश्नपत्रिका या बाबतीत अधिक दोषी आहेत. 'क्रॅमचा नियम उदाहरणासह स्पष्ट करा' या प्रश्नाला आकृती व उत्पादित एवढेच उत्तर अपेक्षित असते, आणि गुणदानाच्या तक्त्यात कारणासाठी रकानाच नसतो. त्याऐवजी फेल्किन यांच्या किटोनांची प्रमाणे देऊन, प्रतिस्थापक मोठा होताना निवडकता का वाढली आणि क्रॅमची आकृती येथे कोठे अडते, एवढे विचारता येईल. त्यासाठी अभ्यासक्रमात एकही नवा घटक घालावा लागत नाही.