गॉथिक मेटल : काळोखाचें संगीत

प्रस्तुत विषय आमच्या वाचकांस अपरिचित, कदाचित् अप्रियहि वाटेल, याची आम्हांस जाणीव आहे. तो आमच्यापुढें आला तोहि अकल्पितपणेंच. गेल्या वैशाखांत आम्ही दुसरबीडास एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं उतरलों होतों. सांजवेळीं वीज गेली म्हणून ओसरीवर बसलों असतां त्याच्या धाकट्या भावानें भ्रमणध्वनीवर एक विलायती गाणें लाविलें आणि त्यांतील जुन्या इंग्रजीचा अर्थ विचारला. संथ, जड गिटार; एका पुरुषाची घशांतून येणारी गर्जना; तिच्यापाठोपाठ एका स्त्रीचा निर्मळ, उंच सूर. तोंच आंतून त्याची आई म्हणाली, "बंद कर ना बाप्पा ते रडगानं! दिवे लागायच्या वक्ताले असं आयकाव का?"

हा आक्षेप हंसण्यावारीं नेण्याजोगा नाहीं. ज्या बुलढाणा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं कित्येक घरें ओस पाडलीं, तेथील माता मुलाच्या कानीं पडणाऱ्या शोकास भ्याली, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? तेव्हां हें संगीत कोठून आलें आणि तें दुःखाचें काय करतें, हें पाहणें आम्ही कर्तव्य समजतों.

'गॉथिक' हा शब्द मूळचा एका रानटी समजल्या गेलेल्या जर्मन जमातीचा. पुढें तो टोंकदार कमानींच्या मध्ययुगीन शिल्पास लागला; मुंबईचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस त्या शिल्पाची कल्पना आहेच. १७६४ सालीं होरेस वॉल्पोलनें पडका किल्ला, शापित घराणें आणि भुतांचा संचार यांवर कादंबरी रचली, तेव्हांपासून तो वाङ्मयाचा शब्द झाला. गतवैभवाच्या अवशेषांतून उठणारी भीति हा या वाङ्मयाचा आत्मा होय. सिंदखेडराजा येथें लखुजी जाधवांच्या समाधीपाशीं, किंवा लोणारच्या विवरांतील ओसाड देवळांत संध्याकाळीं जो उभा राहिला असेल, त्यास ही भावना निराळी समजावून सांगावी लागणार नाहीं.

'मेटल' हें दुसरें अंग बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून आलें. टोनी आयोमी या तरुणाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोंकें पत्र्याच्या यंत्रांत तुटलीं. त्यानें प्लास्टिकचीं टोपणें घालून पुनः गिटार हातीं घेतली. पुढें बोटांस त्रास कमी व्हावा म्हणून त्यानें तारा सैल केल्या आणि त्यामुळें स्वर खालीं उतरून गडद झाला. त्याच्या 'ब्लॅक सॅबथ' या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० सालीं निघाली. तिच्या आरंभीच्या गाण्याचा कणा म्हणजे षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. षड्ज व तीव्र मध्यम यांतील अंतरास युरोपांत 'संगीतांतील सैतान' असें नांव पडलें होतें. आमच्याकडे तोच तीव्र मध्यम मारवा, पूरिया, श्री या सायंकाळच्या रागांत नांदतो. तेथें तो हुरहूर लावतो, पण त्यास कोणी सैतान म्हणत नाहीं. स्वर तोच, त्यावर लादलेला अर्थ मात्र ज्या त्या समाजाचा, हें येथें ध्यानांत घ्यावें.

या दोहोंचा संगम यॉर्कशायरमध्यें झाला. तत्पूर्वीं १९७९ च्या सुमारास 'बाउहाउस' आदि बँडांनीं खिन्न गॉथिक रॉक रूढ केलें होतें. १९८७ सालीं स्विस 'सेल्टिक फ्रॉस्ट'नें मेटलमध्यें स्त्रीचा आवाज आणून पाहिला होता. हॅलिफॅक्स येथें १९८८ सालीं निघालेल्या बँडनें मिल्टनच्या महाकाव्यावरून 'पॅराडाइज लॉस्ट' असें नांव घेतलें आणि १९९१ सालीं 'गॉथिक' ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यांत निक होम्सच्या गर्जनेसमोर सारा मॅरियनचा स्वर थोड्याच ठिकाणीं येतो, पण या संगीतप्रकाराचें नामकरण तेथें झालें. जवळच्या ब्रॅडफर्डच्या 'माय डाइंग ब्राइड'नें व्हायोलिनची जोड दिली. ही सर्व गांवें लोकरीच्या गिरण्यांचीं. त्या गिरण्या बंद पडत असतां ही पिढी वाढली. तिच्या संथ लयींत त्या थांबलेल्या यंत्रांचें मौन आहे, असें आम्हांस वाटतें.

पुढें नॉर्वेच्या 'थिएटर ऑफ ट्रॅजेडी'नें १९९५ च्या ध्वनिमुद्रिकेंत पुरुषाची गर्जना व लिव्ह क्रिस्टीनचा कोमल स्वर यांचा संपूर्ण संवादच रचला, तोहि शेक्सपिअरच्या काळच्या धर्तीच्या इंग्रजींत. दुसरबीडच्या मुलानें आम्हांस विचारलें तें त्यांचेंच गाणें. केवळ गर्जना असती तर रौद्र व भयानक यांपलीकडे हें संगीत गेलें नसतें. स्त्रीचा स्वर आला आणि भयाच्या पोटांतील शोक ऐकूं येऊं लागला. भयानक करुणास मिळाला. अर्थात् याच युक्तीचा पुढें सांचा झाला. सुंदरी आणि राक्षस यांच्या जोड्या जागोजाग उभ्या राहिल्या. शोक अंगावरच्या काळ्या वस्त्रांपुरता उरला. या संगीताचा खरा दोष काळोख हा नव्हे, तर उसना काळोख हा होय.

आमच्याकडे काय झालें? मुंबईंत साहिल मखिजा यांनीं २००० सालीं स्थापिलेल्या 'डिमॉनिक रिसरेक्शन'नें २०१७ सालीं 'दशावतार' काढली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचीं दहा गाणीं. ती शुद्ध गॉथिक नव्हे, शेजारच्या शाखेची. गर्जना आणि सुरेल गायन यांचा मेळ तिच्यांतहि आहे. परक्या सांच्यांत आपली पुराणकथा ओतण्याचें धाडस आम्हांस स्तुत्य वाटतें. नरसिंहाच्या कथेला गर्जना शोभते, हें कोण नाकारील? परंतु अवतारकथा ही विजयाची कथा. गॉथिकास हवी असते हानि. शिवाय गीतें मुख्यतः इंग्रजी असल्यामुळें आमच्या ओसरीवरचा शोक तींत उतरत नाहीं. तो उतरविणारा अजून यावयाचा आहे.

आतां त्या मातेच्या आक्षेपाकडे वळूं. साहित्यसम्राट न. चिं. केळकरांनीं वाङ्मयानंदास 'सविकल्प समाधि' म्हटलें: वाचक दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो, पण स्वतःस विसरत नाहीं. आमच्या मतें दुःखाचें गाणें सोसवतें तें याच अंतरामुळें. हें अंतर राखण्यास सोबत लागते. जात्यावर सासुरवासाच्या ओव्या पहांटेच्या अंधारांतच गाइल्या जात; पण खुंट्यावर बहुधा दुसराहि हात असे. आजचा मुलगा तोच शोक कानांत यंत्र घालून एकटा ऐकतो. माता भ्याली ती गाण्यास नव्हे, त्या एकटेपणास, असें आम्ही समजतों. आणि तिचें भय रास्त आहे. त्यावरील उपाय गाणें बंद करणें हा नव्हे, तर तें मोठ्यानें लावणें आणि वडील मंडळींनीं जवळ बसणें हा आहे.

त्या सायंकाळीं गाणें बंद झालें नाहीं. आम्ही मुलास शब्दांचे अर्थ सांगत असतां माता कंदील घेऊन बाहेर आली, आणि थोड्या वेळानें तिनें विचारलें, "थे बाई काय म्हनते?" आम्हीं सांगितलें. ती उंबरठ्यावर बसून राहिली.