मुलांच्या वहीतला कोयता

मुक्ता साळवे यांचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. दलित साहित्याचा उगम सांगताना आपण त्याचा हवाला देतो. पण तो चौदा वर्षांच्या आसपासच्या शाळकरी मुलीने लिहिला, याकडे समीक्षक म्हणून आपण फारसे पाहिलेले नाही. वेदांचा अधिकार नाही, तर आमचा धर्म कोणता, असे ती विचारते. छपराविना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या बायांचे हाल सांगते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेने तिला अक्षरे दिली. अनुभव तिचा होता.

आजच्या शाळेत ती 'मी फुलपाखरू झाले तर' लिहील. फुलपाखराशी माझे भांडण नाही. पण मराठवाड्यातील कितीतरी मुलांचे आईबाप दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, आणि निबंधाच्या वहीला त्याचा पत्ताही नसतो.

छत्रपती संभाजीनगरातल्या एका वस्तीत मी रविवारी मुले जमवतो. ती आपल्या गोष्टी लिहितात, चित्रे काढतात, आम्ही दोऱ्याने वह्या शिवतो. बीडकडच्या एका मुलीने आई काढली. हातातला कोयता आईहून मोठा, मागे पाचटाची कोपी, मुकादम कागदाच्या कडेला अर्धाच. तिच्या शिक्षकांनी शेरा दिला : प्रमाण चुकले.

प्रमाण चुकलेले नाही. ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायको मिळून 'एक कोयता' धरतात. उचल मिळते ती कोयत्यावर, माणसावर नाही. दहा वर्षांच्या पोरीने हा व्यवहार एका रेषेत पकडला. आमच्या किती कथाकारांना तो असा दिसला आहे?

मात्र शिक्षकांनाच दोष देऊन मी सुटत नाही. तिच्या गोष्टीचा शेवट आई भाकरी थापते इथेच होता. मला तो अपुरा वाटला. मी खाली एक घोषणा लिहायला लावली. चळवळीतली आपण माणसे हे वारंवार करतो : मुलाच्या तोंडी आपले भाषण घालतो आणि त्याला जाणीव म्हणतो. इटलीतल्या बार्बियानाच्या डोंगरी शाळेतील आठ मुलांनी १९६७ साली शिक्षिकेला उद्देशून एक पुस्तक एकत्र बसून लिहिले. त्यांचे गुरू पाद्री मिलानी सोबत होते. पण पुस्तकावर नाव शाळेचे आहे.

ती ओळ खोडावी म्हणून मी वही मागायला गेलो, तेव्हा घराला कुलूप होते. मुलगी आईबरोबर कारखान्यावर गेली होती.