काठीचा कस : सातारा-सांगली परिसरातील मर्दानी खेळांचे शिक्षण व साधने – एक चिकित्सा

प्रास्ताविक

शिवजयंतीची मिरवणूक असो, गणेशोत्सव असो की महाविद्यालयाचा क्रीडामहोत्सव, सातारा व सांगली जिल्ह्यांत हलगी कडाडली की मर्दानी खेळांचे एखादे पथक मैदानात उतरते. लाठी-काठी, फरीगदगा, बोथाटी, विटा, दांडपट्टा ही नावे निवेदक ध्वनिक्षेपकावरून मोठ्या अभिमानाने उच्चारतो. प्रत्यक्षात प्रेक्षकांसमोर येते ती मुख्यतः काठीची फिरकी आणि दांडपट्ट्याने केलेली लिंबाची फाळणी. निवेदनात ज्यांचा उच्चार झाला त्यांतील निम्मे प्रकार मैदानात येतच नाहीत. प्रस्तुत लेखाचा विषय हीच तफावत आहे. कोणता प्रकार टिकला आणि कोणता मागे पडला, याचे कारण लोकांच्या अनास्थेत शोधण्याची आपल्याकडे प्रथा आहे. लेखकाच्या मते ते शिक्षणपद्धतीत आणि साधनांत अधिक नेमकेपणाने सापडते.

हा विषय केवळ परंपरेच्या जतनाचा असता तर त्यावर एवढे लिहिण्याची गरज नव्हती. आज अनेक महाविद्यालयांत विद्यार्थिनींसाठी स्वसंरक्षण शिबिरे भरतात आणि त्यांत लाठीचे हात शिकविले जातात. शिबिराच्या शेवटी प्रमाणपत्र मिळते. ज्या मुलीने एकदाही समोरून आलेला वार अडविलेला नाही, तिला आपण कशाचे प्रमाणपत्र देतो, हा प्रश्न शारीरिक शिक्षण विभागाइतकाच आपणा सर्व प्राध्यापकांचा आहे.

साधनांचा विचार

मर्दानी खेळांतील साधने दोन गटांत पडतात, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. दांडपट्टा, तलवार, भाला ही प्रत्यक्ष शस्त्रे होत. फरीगदगा आणि बोथाटी यांचा हेतू वेगळा आहे. गदगा म्हणजे तलवारीच्या जागी धरलेली, कातड्याने मढविलेली काठी आणि फरी म्हणजे हातात मावणारी लहान गोल ढाल. बोथाटी म्हणजे पाते नसलेला भाला. त्याच्या टोकाला मऊ गोळा असतो, आणि तो रंगात बुडविला की कोणाला कोठे टोचले ते अंगावर उमटते. ही साधने मुद्दामच निरुपद्रवी केलेली आहेत, कारण ती दोघांनी एकमेकांवर खरोखर चालवावयाची आहेत. शत्रूला इजा करण्याचे साधन आणि सोबत्याला इजा न करता शिकण्याचे साधन हा भेद ज्या परंपरेने केला, तिला शिक्षणशास्त्र अवगत होते असेच म्हणावे लागते. रंगाचा ठिपका हा तर निर्विवाद पंच होय.

काठीच्या द्रव्याचाही येथे विचार केला पाहिजे. सह्याद्रीच्या पट्ट्यात भरीव बांबू मिळतो. तो शेकून सरळ करणे, तेल पाजणे, टोकांना शेंबी बसविणे आणि खेळाडूच्या कानापर्यंत येईल अशा बेताने कापणे ही जुनी रीत आहे. परंतु बांबू आघाताने उभा चिरतो आणि त्याच्या कपच्या सुरीसारख्या धारदार निघतात. वेत आतून भरीव असतो. मार बसला की तो चिरण्याऐवजी कुटला जातो, त्याचे तंतू पिंजतात. म्हणूनच काठीवर काठी आदळण्याच्या सरावासाठी अनेक ठिकाणी वेत पसंत केला जातो. गदग्यावरील कातडे हे शोभेसाठी नव्हते, हे यावरून ध्यानात यावे. आजच्या पथकांतील काठ्या सरसकट उघड्या, रंगीत पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. हवेत फिरविण्यास त्या उत्तम आहेत. समोरच्याच्या काठीवर जोराने हाणण्यास त्या धोक्याच्या आहेत, आणि अर्थातच तसे कोणी हाणत नाही.

जोडीकडून रांगेकडे

काठीच्या वारांची शीर, तमाचा, बाहेरा, कमर ही नावे पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. ती बहुतांशी समोरच्याच्या शरीरावरील जागांवरून वा वाराच्या दिशेवरून पडलेली आहेत. बंगालमधील लाठीखेळातही यांतील बहुतेक नावे थोड्याफार फरकाने आढळतात. म्हणजे ही परिभाषा एका प्रांताची मिरास नाही, ती हिंदुस्थानभर फिरलेल्या उस्तादांची आहे. (वस्ताद हा शब्दही तेथूनच आला.) मुद्दा असा की ही परिभाषाच प्रतिस्पर्धी गृहीत धरते. समोर डोके नसेल तर ‘शीर’ या वाराला अर्थ उरत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्यायामाला राष्ट्रकार्याचे रूप आले. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये निघाले. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले. द. चिं. मुजुमदार (करंदीकर) यांनी बडोद्याहून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. पुढे १९५० मध्ये त्याचा सार इंग्रजी ग्रंथरूपाने आला. या कार्याचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. मुजुमदारांचा कोश नसता तर कित्येक हातांची नावेसुद्धा आज उरली नसती. तथापि या सर्व प्रयत्नांचा एक परिणाम असा झाला की शेकडो मुलांना एकाच वेळी, एका शिट्टीवर, मोजणीच्या तालात शिकविता येईल तेवढाच भाग शाळेत शिरला. सूर्यनमस्काराला साधन लागत नाही आणि जोडीदारही लागत नाही. त्यामुळे त्याचे यात काही बिघडले नाही. लाठीचे मात्र बिघडले. जोडीचा खेळ रांगेची कवायत झाला. पुस्तकातील आकृती पवित्रा दाखवू शकते. वार कधी निघाला आणि तो ओळखण्यास किती कमी वेळ मिळाला, हे कोणतीही आकृती दाखवू शकत नाही.

याच दोन जिल्ह्यांतील कुस्ती पाहिली म्हणजे फरक उघड होतो. तालमीत पोराला पहिल्या दिवसापासून कोणाच्या तरी अंगावर टाकले जाते. तो पडतो, उठतो, पुन्हा पडतो. जत्रेच्या फडात चीतपट झाली की वाद उरत नाही. कुस्तीवर संकटे आली, राजाश्रय गेला, मातीची जागा स्पर्धांत मॅटने घेतली. तरी तिचा गाभा शाबूत आहे, कारण तिच्यात हरण्याची सोय आहे. आजच्या मर्दानी खेळांच्या प्रात्यक्षिकात कोणी हरत नाही. लिंबू उलट वार करीत नाही. दोन खेळाडूंची म्हणून जी तलवारबाजी दाखविली जाते ती पूर्वी बसविलेली असते, आणि तिच्यात चूक झाली तर ती नाट्यप्रयोगातील चूक असते.

सांगली जिल्ह्यातील एका गावच्या तालमीत लेखकाने मारुतीच्या तसबिरीमागे टांगलेली एक जुनी फरी पाहिली होती. कातडे वाळून वाकले होते, मागची मूठ तुटली होती. “वस्ताद, हिची दुरुस्ती का नाही केली?” असे विचारल्यावर वयोवृद्ध वस्ताद म्हणाले, “करून काय करू सर? पोरं सुटीसुटी फिरवत्यात. हिला दोघं लागत्यात.”

फिलिपिन्सचा दाखला

फिलिपिन्समधील अर्निस (एस्क्रिमा किंवा काली ही त्याचीच अन्य नावे) या काठीच्या युद्धकलेशी तुलना येथे उद्बोधक ठरते. तेथील काठी वेताची, साधारण २८ इंच लांबीची असते. एका वा दोन हातांत काठी, किंवा लांब शस्त्राबरोबर खंजीर अशी शिक्षणाची अंगे आहेत. वारांना नावांऐवजी बहुधा क्रमांक असतात आणि सराव आरंभापासून जोडीने होतो. रेमी प्रेसास यांनी आपल्या पद्धतीत नवशिक्याने सोबत्याच्या हातावर न मारता त्याच्या काठीवर मारावे, असा बदल केला. जुन्या पद्धतीत हातावर मार बसत असल्याने शिष्य टिकत नसत. साधनाचा आणि नियमाचा एवढा लहानसा फेरफार एका कलेला कसा तारू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

पण त्या देशाचा सरसकट गौरव करण्याचेही कारण नाही. सेबूहून प्रसृत झालेल्या स्पर्धापद्धतीत खेळाडू शिरस्त्राण व जाड गादीचे चिलखत घालून लढतात. वार लागत नाही म्हटल्यावर बचाव सुटतो आणि दोघे जागच्या जागी उभे राहून एकमेकांना बडवीत राहतात, अशी टीका त्याच परंपरेतील जाणकार करतात. उघड्या काठीने खेळ खोटा होतो तो भीतीमुळे, तर अतिसंरक्षणाने होतो तो निर्भयतेमुळे. फरी आणि कातडी गदगा यांनी यातील मधला मार्ग साधला होता. मार लागे, हाड मोडत नसे.

आणखी एक साम्य सांगितलेच पाहिजे. स्पॅनिशांनी पाती बंद केली म्हणून लोकांनी काठी उचलली, ही कथा तेथे सांगतात. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे तलवारीची काठी झाली, ही आपल्याकडील. अकबराच्या दरबारातील शस्त्रधरांचे वर्णन करताना अबुल फज़लने ऐन-इ-अकबरीत काठीने लढणाऱ्या ‘लकडैतां’चा स्वतंत्र उल्लेख केला आहे. म्हणजे इंग्रजी कायद्यापूर्वी सुमारे तीनशे वर्षे काठी ही स्वतंत्र विद्या होती. तिला तलवारीची गरीब बहीण ठरविण्याची आवश्यकता नाही.

मान्यतेचे स्वरूप

फिलिपिन्सने २००९ साली कायदा करून अर्निसला राष्ट्रीय युद्धकला व क्रीडा ठरविले; त्याच कायद्यात देशाच्या वार्षिक शालेय क्रीडास्पर्धेत ती पहिली स्पर्धा म्हणून खेळविली जावी, अशी तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्र घोषित केले. तेथे खेळाला मान मिळाला, येथे वस्तूला. त्याच वर्षी जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. ती पाहण्याची ओढ स्वाभाविक आहे. परंतु शस्त्र काचेआड पाहणे आणि विद्या हातात असणे या भिन्न गोष्टी आहेत. २०२२ मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत गतका, थांग-ता, कळरीपयट्टू आणि मल्लखांब यांचा समावेश झाला. मर्दानी खेळ त्या यादीत नव्हते. गतका आणि फरीगदगा हे सख्खे भाऊ आहेत. पंजाबातील भावाला गुण कसे मोजायचे ते ठरविता आले, आपल्याला नाही. याचा दोष दिल्लीला देण्यात अर्थ नाही. ज्यात हार-जीत नाही ते स्पर्धेत कसे घालणार?

कायद्याची अडचण मात्र खरी आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली निघणाऱ्या मनाई आदेशांत तलवार-भाल्यांबरोबर काठ्या व लाठ्या बाळगण्यासही बंदी असते, आणि सणासुदीच्या दिवसांत, म्हणजे नेमक्या खेळाच्या हंगामात, हे आदेश निघतात. मऊ टोकाची बोथाटी आणि कातडी गदगा यांना क्रीडासाहित्य म्हणून नोंद मिळाली, तर ही अडचण बरीच सौम्य होईल. त्यासाठी आधी ती तयार झाली पाहिजेत. एक महाविद्यालय हे सहज करू शकते. वेताच्या वीस काठ्या, त्यांवर चर्मकाराकडून शिवून घेतलेले कातडे, दहा फऱ्या, क्रिकेटचे हातमोजे व शिरस्त्राणे, आणि टोकांना लावण्यास रंग. हातावरील वार प्रथम सत्रात वर्ज्य करावा. शिबिराच्या अखेरीस प्रत्येक विद्यार्थिनीची तीन अनोळखी जोडीदारांशी गाठ घालावी आणि अंगावरील ठिपके मोजून ते प्रमाणपत्रावर लिहावेत, तिने लावलेले आणि तिला लागलेले, दोन्ही.