राजा ग्विनचे मौन आणि त्याचे भाष्यकार

संहितेत जे सांगितलेले नाही त्याचा अर्थ लावणे, हे काम जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकांस नवे नाही. हेच काम जगभरचे असंख्य तरुण एका व्हिडिओ गेमच्या बाबतीत वर्षानुवर्षे निष्ठेने करीत आले आहेत. 'डार्क सोल्स' हा तो खेळ. जपानमधील फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीने तो २०११ साली प्रसिद्ध केला. हिदेताका मियाझाकी हे त्याचे दिग्दर्शक. खेळाच्या शेवटी ज्या प्रतिस्पर्ध्याशी गाठ पडते, ज्याला खेळाडू 'फायनल बॉस' म्हणतात, तो ग्विन नावाचा राजा आहे. त्याने जे केले ते का केले, याविषयी त्याच्या भाष्यकारांत जो वाद चालतो त्याचा परामर्श घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम कथा थोडक्यात सांगितली पाहिजे. आरंभी जग धूसर व भेदरहित होते. त्यावर अमर ड्रॅगनांचे राज्य होते. पुढे अग्नी प्रकट झाला आणि त्याच्याबरोबर उष्ण व शीत, जीवन व मरण, प्रकाश व अंधार हे भेद आले. अंधारातून आलेल्या काहींना त्या अग्नीजवळ महान आत्मे सापडले. त्यांपैकी ग्विनने विजेच्या अस्त्रांनी ड्रॅगनांचा पराभव केला व अग्नियुग स्थापिले. आणखी एकाला, एका चोरट्या बुटक्याला, 'डार्क सोल' म्हणजे तमोमय आत्मा मिळाला. मानवजात त्याचीच संतती असे सूचित केलेले आहे. कालांतराने अग्नी विझू लागला. तेव्हा ग्विनने आपल्या आत्म्याचे सामर्थ्य आप्तांत वाटून दिले आणि तो स्वतः अग्नीचे इंधन होण्यासाठी निघून गेला. खेळाडू त्याच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा तेथे उरलेला असतो तो जळून राख झालेला, शुद्ध हरपलेला एक वृद्ध योद्धा. तो एक शब्दही बोलत नाही.

या मौनामुळेच भाष्यकारांस वाव मिळाला आहे. डार्क सोल्समध्ये कथा सलग सांगितलेली नाही. तलवारी, अंगठ्या, चिलखते यांच्या वर्णनांतील एकदोन वाक्यांतून ती जुळवावी लागते. लहानपणी आपल्या आवाक्याबाहेरची इंग्रजी पुस्तके वाचताना न कळलेल्या जागा आपण कल्पनेने भरून काढीत असू, असे मियाझाकी यांनी सांगितले आहे. त्यांच्या खेळाडूलाही तेच करावे लागते. अशा रिकाम्या जागा भरताना वाचक पुष्कळदा आपलाच स्वभाव तेथे लिहून ठेवतो. ग्विनविषयीच्या उपपत्ती तपासताना हे ध्यानात ठेवावे लागते.

पहिली उपपत्ती स्वार्पणाची. फ्रॅम्प्ट नावाचा आदिसर्प आणि अॅनोर लोंडो नगरीतील राजकन्या ग्विनेव्हिअर हे दोघे खेळाडूला ग्विनचा वारस होण्याचे पाचारण करतात. त्यांच्या मते राजाने जगासाठी स्वतःला जाळून घेतले आणि तेच थोर कार्य आता दुसऱ्याने पुढे चालवावे. दुसरी उपपत्ती भयाची. तिचा प्रवक्ता काथ हा दुसरा सर्प. तो सांगतो की ग्विनला अंधाराची धास्ती होती. मानवांत कधी तरी तमोयुगाचा स्वामी जन्मेल या भीतीने त्याने निसर्गक्रम अडविला आणि मानवांना हाकण्याचे काम आपल्या संततीकडे सोपविले. खेळ विशिष्ट क्रमाने खेळला तरच काथची भेट होते. त्यामुळे कित्येकांना ही दुसरी बाजू ऐकूच येत नाही.

तिसरी उपपत्ती उत्तरकालीन आहे. २०१६ साली 'डार्क सोल्स ३' आणि २०१७ साली त्याची 'द रिंग्ड सिटी' ही पुरवणी आली. तीत असे कळते की ग्विनने बुटक्यांना जगाच्या टोकाशी एक एकाकी नगरी दिली आणि योग्य दिवशी न्यावयास येईन असे वचन देऊन आपली लाडकी धाकटी कन्या फिलियानोर तेथे ठेविली. तेथील शूरांच्या शस्त्रांवर व शस्त्रधाऱ्यांवर देवांनी अग्नीची मोहर उठविली, असाही उल्लेख आहे. त्यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की मानवांच्या देहावरील 'डार्कसाइन' हे शापचिन्ह ग्विननेच उठविले, आणि मृतांना मरू न देणारा तो शापही त्याच्याच कारस्थानाचे फळ आहे. या वाचनानुसार ग्विनचे आत्मदहन ही केवळ आपल्या गुन्ह्यास दिलेली मुदतवाढ ठरते.

ही तिसरी उपपत्ती आज पुष्कळांना निर्णायक वाटते; आम्हांस ती तशी वाटत नाही. पहिले कारण असे की तो उल्लेख देवांविषयी आहे, त्यात ग्विनचे नाव नाही. आणि मोहर व शापचिन्ह एकच, हा दुवा वाचकांनी जोडलेला आहे. तो संभाव्य आहे, सिद्ध नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. २०११ च्या कृतीचा अर्थ २०१७ च्या पुरवणीने ठरवावा काय? उत्तरकालीन लेखाने पूर्वलेखावर प्रकाश पडतो हे खरे. परंतु त्याने पूर्वलेखातील संदिग्धता पुसून टाकिली तर ते विवरण राहत नाही. पहिल्या खेळाने दोन साक्षी समोरासमोर उभ्या केल्या आणि निकाल दिला नाही. तो न दिलेला निकाल हाही त्या संहितेचाच भाग आहे.

त्या दोन साक्षींकडे मात्र बारकाईने पाहिले पाहिजे. दोघांचाही हितसंबंध उघड आहे. ग्विनेव्हिअर तर मुळात तेथे नाहीच. ती तिचा भाऊ ग्विंडोलिन याने उभी केलेली माया आहे, आणि तिच्यावर प्रहार करताच नगरीतील सूर्यप्रकाशही मावळतो. काथच्या शिकवणुकीने न्यू लोंडोचे चार राजे बिघडले आणि ते शहर पाण्याखाली बुडवावे लागले. शिवाय अंधाराचा शेवट निवडल्यास फ्रॅम्प्टही काथबरोबर नव्या स्वामीपुढे मान लववितो! असे असता एका सर्पाला सत्यवादी व दुसऱ्याला लबाड ठरविणे हे भोळेपणाचे आहे. तरीही एका गोष्टीवर दोघांचे एकमत आहे, आणि तिची नोंद भाष्यकार क्वचितच घेतात: ग्विनने स्वतःला अग्नीत टाकिले. त्याच्यावर भयाचा आरोप करणारा काथदेखील ते स्वार्पण नाकारीत नाही. वाद कृतीविषयी नाही, हेतूविषयी आहे.

आणि हेतू एकच असला पाहिजे हा आग्रह कशासाठी? आमच्या मते तिन्ही उपपत्तींची चूक येथेच आहे. ग्विन आपले प्राण देतो ते खरे आणि भयाने देतो तेही खरे. आपल्या वाचकांस स्वार्पण हा शब्द परका नाही. म्हणून त्याची पारखही आपण अधिक काटेकोरपणे केली पाहिजे. मनुष्य आपला जीव सोडण्यास सिद्ध होतो आणि तरीही आपली सत्ता सोडीत नाही, असे घडू शकते. ग्विनने सामर्थ्य वाटले ते आपल्या कुळात व आपल्या मर्जीतल्यांत. ज्यांचे युग यावयाचे होते त्या मानवांना त्याने काही विचारले नाही. त्याने स्वतःला दिले, पण काळाला वाट दिली नाही. असे दान खरे असते आणि अपुरेही असते.

खेळाची रचना या निर्णयास पुष्टी देते असे आम्हांस वाटते. इतर मोठ्या लढायांत वाद्यवृंदाचा गजर असतो; मोतोई साकुराबा यांनी ग्विनच्या लढाईस मात्र पियानोची एक उदास, एकाकी धून दिली आहे. सूर्यप्रकाशाचा स्वामी आता राखेचा स्वामी म्हणविला जातो. त्याचा वार अचूक क्षणी परतविता आला तर हा महान राजा फार लवकर कोसळतो. दुष्टाचा पाडाव केल्याचा हर्ष तेथे होत नाही, आणि वीराला वंदन करावे असेही काही उरलेले नसते. त्याला केवळ कारस्थानी ठरविणारे वाचन या दृश्याचे काय करणार? आणि त्याला केवळ हुतात्मा ठरविणारे वाचन त्याच्या मागे राहिलेल्या शापित जगाचे काय करणार?

हा वाद रिकामटेकडा नाही, याचे कारण शेवटच्या क्षणी कळते. ग्विन पडल्यावर खेळाडूपुढे तोच अग्नी असतो आणि तीच निवड असते: स्वतःला पेटवून ते युग लांबवावे, किंवा पाठ फिरवून अंधार येऊ द्यावा. म्हणजे ग्विनचा हेतू कोणता, या प्रश्नाचे उत्तर खेळाडूला आपल्या कृतीने द्यावे लागते. त्याची निंदा करणारे कित्येक जण त्याच्याच जागी जळून जातात आणि त्याला 'सुखान्त' शेवट म्हणतात. २०१६ च्या तिसऱ्या खेळात अखेरचा योद्धा हा अशा सर्व जळालेल्यांचा एकत्रित आत्मा आहे. लढाईच्या उत्तरार्धात तो ग्विनचेच डाव खेळतो आणि तीच पियानोची धून पुन्हा ऐकू येते. दुसऱ्याच्या हेतूची चिकित्सा करून आपला हेतू शुद्ध होत नाही, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

म्हणून या भाष्यकारांस आमचे सांगणे इतकेच की त्यांनी आपला उद्योग अवश्य चालू ठेवावा. वस्तूंची वर्णने जुळविण्यातील त्यांची चिकाटी अनुकरणीय आहे. मात्र ग्विनविषयी उपपत्ती मांडणाऱ्याने एका ओळीत हेही नमूद करावे की अग्नीपुढे उभे राहिल्यावर आपण स्वतः काय निवडले, आणि का. त्या ओळीवाचून त्याची उपपत्ती अपुरी आहे असे आम्ही समजतो.