लागलं तर देऊ

मागच्या व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांपैकी एकावरच आज बोलायचं आहे. प्रश्न बोईसरचा आहे. तारापूर एमआयडीसीत एकाच पाळीला काम करणाऱ्या वीस जणांनी दर महिन्याला काँट्री काढायची, त्या पैशांतून राज्य लॉटरीची तिकिटं घ्यायची आणि बक्षीस लागलं तर अर्धा वाटा आपल्या भागातल्या एखाद्या छोट्या संस्थेला द्यायचा. वसतिगृह, बालवाडी, वाचनालय, काहीही. प्रश्नकर्त्याने शेवटी विचारलंय, सर, यात वाईट काय?

वाईट हा शब्द आम्ही एवढ्यात वापरणार नाही. ऋग्वेदातल्या जुगाऱ्यापासून युधिष्ठिरापर्यंत सगळ्यांची दाखले देऊन मोकळं होता येतं, पण ते आळशी उत्तर झालं. वीस माणसं पाळी सुटल्यावर दुसऱ्या कोणासाठी तरी पैसे काढायला तयार आहेत, ही मोठी गोष्ट आहे. आमची तक्रार माणसांबद्दल नाही, तिकिटाबद्दल आहे.

ही मंडळी तिकिटाकडे का वळली, तेही समजून घ्यायला हवं. गावोगावी गणपतीत, क्रिकेटच्या सामन्यांत ‘लकी ड्रॉ’ची कुपनं खपतात, पहिलं बक्षीस मोटारसायकल. पण सरकारच्या मान्यतेशिवाय सोडतीचं दुकान मांडणं हा जुन्या दंड संहितेच्या कलम २९४-अ खाली गुन्हा होता, आणि नव्या न्याय संहितेतही ती तरतूद कायम आहे. बक्षीस योजनांवर बंदी घालणारा १९७८ चा कायदा धर्मादाय संस्थांना सूट देतो खरा, पण रिझर्व्ह बँकेशी विचारविनिमय करून राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या संस्थांनाच. विक्रमगडच्या पाड्यावर बालवाडी चालवणाऱ्या बाईंनी हे सोपस्कार कधी करायचे? मग उरतं सरकारचंच तिकीट. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, लोकांना मटक्यासारख्या जुगारापासून वळवायचं असं कारण देऊन. त्याच वर्षी तारापूरचं अणुवीज केंद्रही सुरू झालं. हा निव्वळ योगायोग, यातून कोणी सिद्धान्त काढू नये!

आता हिशेब. वीस जण, प्रत्येकी शंभर रुपये, महिन्याला दोन हजार, वर्षाला २४ हजार. उदाहरणापुरतं धरू की तिकिटांचे निम्मे पैसे बक्षिसांतून परत येतात. म्हणजे १२ हजार, तेही सरासरीने, असे असंख्य गट वर्षानुवर्षं खेळत राहिले तर. त्यातला अर्धा वाटा संस्थेचा, सहा हजार. मोठं बक्षीस लागलंच तर त्यावर ३० टक्के आयकर, वर उपकर. तिकिटावर जीएसटी आधी २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. थोडक्यात, खिशातून २४ हजार गेले, संस्थेच्या नावाने कागदावर फार तर सहा हजार आले, आणि प्रत्यक्षात बहुतेक वर्षी भोपळा. गटाने खेळल्यावर शक्यता वाढते म्हणतात. वाढते की! पण वाटाही तितकाच लहान होतो. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच सांगून ठेवलंय की जास्त तिकिटं घेणारा तोट्याच्या जास्त जवळ जातो, आणि सगळीच घेणाऱ्याचा तोटा पक्का.

यावर हमखास केरळचं उदाहरण येतं. परप्पनंगाडी नगरपालिकेत कचरा गोळा करणाऱ्या अकरा बायकांनी २०२३ साली २५० रुपयांचं एक तिकीट मिळून घेतलं. नऊ जणींनी पंचवीस-पंचवीस रुपये काढले, दोघींनी साडेबारा-साडेबारा. त्यांना दहा कोटींचं बंपर लागलं. आम्हालाही वाचून आनंद झाला. पण त्या बायकांनी तिकीट स्वतःसाठी घेतलं होतं, आणि तसं उघड म्हटलंही होतं. त्यात कुठलं सोंग नव्हतं.

ब्रिटनमध्ये संस्था स्वतःची लॉटरी चालवू शकतात, आणि २००५ च्या जुगारविषयक कायद्याप्रमाणे जमलेल्या पैशातला किमान २० टक्के वाटा कामासाठी जावा लागतो. शंभरातले वीस! तरीही बोईसरच्या योजनेपेक्षा ते बरं म्हणायचं. तिथे तिकीट विकलं गेलं की संस्थेचा वाटा ठरला, कोणाचं नशीब उघडण्याची वाट बघावी लागत नाही.

आता मुद्द्याचं. ‘लागलं तर देऊ’ हे वाक्य कुठल्या जातीचं आहे? ते नवसाचं वाक्य आहे. डहाणूच्या महालक्ष्मीला कोणी नवस बोलतं, काम झालं की फेडतं, नाही झालं तर फेडायचा प्रश्न येत नाही. तिथे ते शोभतं, कारण देवीचं आपल्यावाचून काही अडत नाही. बालवाडीचं अडतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवायची. असल्या कामाला खाऊ रोज लागतो, मदतनीस बाईचं मानधन दर महिन्याला द्यावं लागतं. त्यांना नवस बोलून कसं चालेल?

कोणी म्हणेल, सर, माणूस देणगीला शंभर देत नाही, तिकिटाला देतो. खरं आहे. कंत्राटी कामगाराच्या आयुष्यात तिकीट म्हणजे सोडतीच्या दिवसापर्यंतचं स्वप्न. ते त्याने खुशाल विकत घ्यावं. स्वप्नावर दानाचा शिक्का मारला जातो, त्याला आमचा आक्षेप आहे. शिक्का बसला की तिकीट घेतानाचा संकोच जातो, आणि काहीच न दिल्याची टोचणीही जाते. केरळ सरकारने तर उपचारांच्या मदतीसाठी २०११ साली काढलेल्या लॉटरीचं नावच ‘कारुण्य’ ठेवलं.

आणि गंमत अशी की याच वीस जणांत बहुधा एक भिशी आधीपासून चालू असते. भिशीतही चिठ्ठी उचलतात, तिथेही नशीब आहे. पण तिथलं नशीब पाळी ठरवतं, तोटा ठरवत नाही. आज तुमची, पुढच्या महिन्यात माझी. मग त्यातच एक एकविसावं नाव घाला, संस्थेचं. वीस जणांनी महिन्याला हजार याप्रमाणे एकवीस महिने भरायचे. प्रत्येकाला एकदा २० हजार मिळतील, संस्थेलाही २० हजार मिळतील. माणशी खर्च एकवीस महिन्यांत हजार रुपये, म्हणजे महिन्याला पन्नासही नाहीत. यातही धोके आहेत. आधी भिशी उचलून नंतर तोंड चुकवणारे असतात, आणि १९८२ चा चिट फंड कायदा नोंदणी मागतो, तेव्हा रक्कम वाढवण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. वही एकाने ठेवावी, दुसऱ्याने तपासावी, आणि संस्थेकडून पावती घेतल्याशिवाय रक्कम देऊ नये. संस्थेची चिठ्ठी मात्र डब्यात टाकू नका. तिला जून महिना राखून ठेवा, कारण तेव्हा शाळा उघडतात, वह्या घ्यायच्या असतात आणि छपरावर ताडपत्री घालायची असते.